कांबळेसाहेबांच्या तक्त्यातला भारत

केतकीचा फोन आला तेव्हा मी इथल्या मेट्रोने सेंगकांगला, कांबळेसाहेबांच्या घरीच निघालो होतो. "काका, बाबा गेले... आत्ताच, खुर्चीत बसल्या बसल्या," ती म्हणाली. या गोष्टीला दीड महिना झाला. सुधाकर कांबळे जहाजावर माझे चीफ इंजिनिअर होते, आणि पुढे सिंगापुरात पंचवीस वर्षांचे स्नेही.

आशिया चषक फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या खेपेपासूनचे निकाल त्यांनी एका लांबट वहीत उतरवले होते आणि प्रत्येक देशाचे एकूण गुण मांडून क्रमवारी लावली होती. पूर्वी विजयाला दोन गुण मिळत, पुढे तीन मिळू लागले. त्यांनी जुने सगळे सामने तीनच्या हिशेबाने पुन्हा मोजले. इंजिन रूममधून घामाघूम वर आले की हात धुऊन आधी वही उघडायचे. नियम एकच, सगळ्यांना सारखा.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींच्या स्मरणिकेसाठी त्यांनी तो तक्ता दिला. टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. भारत बराच खाली होता आणि मला ते बघवेना. फार पूर्वी, चारच संघ खेळले अशा एका स्पर्धेत आपण दुसरे आलो होतो. मी पहिल्या दोघांना जादा गुण देणारा नियम हळूच घुसवला. भारत कितीतरी पायऱ्या चढला. खाली नाव मात्र साहेबांचंच ठेवलं.

स्मरणिका हातात पडल्यावर त्यांचा फोन येईल म्हणून मी धास्तावून होतो. आला नाही. मीही केला नाही. तीन आठवडे असेच गेले, आणि मग मंगलावहिनींनी कळवलं की उद्या सकाळी साहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी तडक हॉस्पिटल गाठलं. वहिनी बाहेर जाऊन बसल्या. माफीचे शब्द मी वाटेत जुळवले होते. साहेबांनी ते ऐकलेच नाहीत. उशाची वही माझ्यापुढे सरकवली आणि भारताची ओळ पुन्हा मोजायला सांगितली. नर्स दोनदा डोकावून गेली. माझी बेरीज एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"आला आकडा?"

"आला. खालीच आहे, साहेब."

"भारत वर असावा असं मलाही वाटतं रे. तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. पण तू चढवलास तर तो चढला कसा म्हणायचा?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. ते ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नाहीत तर आमच्यातलं शेवटचं बोलणं हेच उरणार होतं. पण उठले. पुढच्या अंकात मी स्वतःच्या नावाने चूक कबूल केली. ती वाचून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "रविवारी जेवायला येतोस ना?" त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक रविवार मी तिथेच घालवला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी साहेबांच्या खोलीत बोलावलं. केतकी वहीत येत्या स्पर्धेचा रकाना आखत होती. या वेळी सिंगापूर पात्र ठरलंय, भारत नाही. भारताच्या ओळीशी येऊन तिची पट्टी थांबली.

"काका, इथे काय करू?"

"रकाना रिकामा ठेव," मी म्हणालो. "पण रेघ पुढे ओढ."

तिने पट्टी नीट धरली आणि रेघ पार कडेपर्यंत नेली.