आईच्या मापाची गाडी

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की गावातला प्रत्येक जण त्या विषयातला जाणकार होतो. जव्हारला माझं झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे. तिथे मी नुसता विषय काढला, तर आधारकार्डाची प्रत काढायला आलेला माणूसही मला डिझेल आणि पेट्रोल यातला फरक समजावू लागला. नवऱ्याच्या मनात लांब डिकीची, बुटकी, चकचकीत सेदान भरली होती. चौकात उभी केली की चार लोकांनी वळून बघावं, एवढीच त्याची अपेक्षा. मी म्हटलं, लोकांनी बघायलाच हवं असेल तर तूच उभा राहा चौकात, गाडीचा खर्च वाचेल.

मला गाडी हवी होती ती आईसाठी. अंगणात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती आमच्याकडे राहत होती. तिचं घर वर घाटात, सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, एका पाड्यात. तिला परत तिथेच जायचं होतं, पण तिथून दवाखान्यात दाखवायला यायचं तर वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप. तिची पायरी इतकी उंच की आईचा पाय तिथवर उचलत नव्हता. डॉक्टरांनी तर फार खाली बसायलाही मनाई केली होती.

थोरला भाऊ भिवंडीला गोदामात कामाला आहे. त्याने फोनवर सांगून टाकलं की दिवाळीत येतो आणि आईला कायमची घेऊन जातो. पाड्यावर एकटीला काही झालं तर तिला खाली आणणार कोण, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, आणायची-न्यायची सोय मी करते. तो म्हणाला, कर, मग ती राहील तिथे. नाही झाली तर माझ्याकडे. भिवंडीची ती तिसऱ्या मजल्यावरची खोली आईने पाहिलेली होती. हे सगळं तिने ऐकलं. दोन दिवसांनी मी भाकरी थापत होते, तेव्हा माझ्या पाठीमागून तिचा आवाज आला.

"मी तिथं मरायची नाय. पण जगायची पण नाय."

त्या क्षणी माझं ठरलं. गाडीचा रंग, कंपनी, किती किलोमीटर चालली, सगळं नंतर. आधी आईला स्वतःच्या पायांनी चढता-उतरता आलं पाहिजे.

आमच्याकडे घर उभं करताना टेप कुणी शोधत बसत नाही. एक काठी मापाला तोडतात आणि सगळे खांब तिच्याशी लावून बघतात. मीही तेच केलं. आमच्या घरातल्या एका बाजेवरून आई कुणाचा हात न धरता उठायची. त्या बाजेच्या उंचीची कारवीची काठी तोडली आणि ती पिशवीत घालून नाशिक गाठलं.

जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला वाटलं, बाई कुत्र्यांना घाबरतात म्हणून काठी घेऊन फिरतात. मी एकेका गाडीचं दार उघडून सीटला काठी लावायला लागले, तशी त्याची पोरं हसायला लागली. हसू दे. नवऱ्याच्या लाडक्या सेदानची सीट काठीच्या निम्म्यावर आली. त्यातून आईला काढायचं म्हणजे विहिरीतून बादली ओढायची. मोठ्या रुबाबदार गाड्यांच्या सीट काठीच्या वर जात होत्या. एक मापात बसली, पण तिच्या डिकीत गॅसची टाकी, मग आईचा वॉकर ठेवायचा कुठे? दुकानदार म्हणाला, टपावर बांधा. मी म्हटलं, तुमच्या आईचा बांधता का टपावर?

दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या दुकानात, मागच्या भिंतीला लागून एक छोटी, उंच, चौकोनी गाडी उभी होती. पांढरी, दाराला पोचा पडलेला. काठी लावली आणि ती बरोब्बर सीटच्या कडेला टेकली. गाडीचं पोटही जमिनीपासून बऱ्यापैकी वर होतं. नवरा म्हणाला, हे तर चाकं लावलेलं कपाट आहे. मी म्हटलं, असू दे, आई मावते ना त्यात.

जव्हारला दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर आई त्या गाडीत बसली आणि उतरली. वॉकरवर एक हात, दारावर दुसरा. मी भावाला लगेच फोन लावला आणि जरा जास्तच ऐटीत सांगितलं, सोय झाली.

दिवाळीच्या तोंडावर तिला घेऊन वर निघाले. घाटात पहिल्या गिअरमध्ये गाडी कण्हत होती आणि आई काचेतून कुणाचं भात कापून झालंय, कुणाचं राहिलंय, ते मोठ्याने सांगत होती. पाड्याशी पोचलो आणि माझं डोकं ठिकाणावर आलं. रस्ता संपतो तिथे सगळा उतार आहे. जन्मापासून ज्या उतारावर खेळले तोच मी मापात धरला नव्हता. गाडी एका अंगावर कलली. आईच्या बाजूची जमीन इतकी खाली गेली की तिचा पाय हवेतच राहिला. गाडी उलटी फिरवून लावली, तर आता तिच्या बाजूची जमीन इतकी वर आली की सीट बुटकी पडली आणि तिला उठताच येईना. शेवटी शेजारच्या दोघांनी खुर्ची आणली आणि तिला खुर्चीसकट उचलून घरात नेलं. सगळा पाडा बघत होता आणि आईने डोळे मिटून घेतले होते. मी गाडीच्या मागे जाऊन रडले. राग कुणाचा होता ते सांगता येणार नाही, पण फार राग आला होता.

संध्याकाळी मी म्हटलं, ही गाडी परत देते, दुसरी बघते. आई चुलीशी बसून होती.

"गाडी नाय बदलत," ती म्हणाली. "जमीन बदल."

भाऊ यायला चार दिवस होते. दुकान बंद ठेवलं आणि मी तिथेच राहिले. भाताचा बांध घालतात तसे दगड रचले, आत मुरूम भरला, चोपला. चाकांसाठी सपाट जागा आणि तिच्या कडेला, तिच्याच पातळीत, आईसाठी ओटा, अंगणाकडून चढता येईल असा. शेजारच्यांनी दगड वाहिले, मी जड धुमसाने मुरूम ठोकत राहिले. तळहात सोलले, पण हात थांबवले नाहीत. आई बाजेवर बसून हुकूम सोडत होती: इथं अजून, तिथं पाणी तुंबंल. शेवटी ओटा शेणाने सारवला.

भाऊ आला तेव्हा आई वॉकर घेऊन ओट्यावर गेली, गाडीत बसली, उतरली, आणि त्याने नीट बघितलं नसेल म्हणून पुन्हा बसली. तो जेवला, आईच्या पायाला तेल लावलं आणि निघताना मला म्हणाला, "दाखवायला वेळेवर नेत जा."

मी वेळेवरच नेते. या होळीनंतर एकदा मात्र दवाखान्याच्या आदल्या दिवशीच वर गेले. म्हटलं, रात्री राहू, सकाळी निवांत निघू. घराची कडी बाहेरून लावलेली. धावत शेजारी गेले. शेजारीण म्हणाली, म्हातारी बाजाराला गेली, जीपने. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या, तिला काय काय सुनवायचं ते मनात जुळवलं.

उन्हं कलता कलता जीप आली आणि सरळ ओट्याच्या उताराकडच्या अंगाला चिकटून उभी राहिली. ओट्यावरून जीपची पायरी आता वीतभरसुद्धा उंच नव्हती. वॉकर कधीच घरात टांगला गेला होता. आई काठी टेकत उतरली. ड्रायव्हरने फक्त तिची पिशवी धरली होती. बाजारातही तिने त्याला जीप वाण्याच्या ओट्याला लावायला सांगितली होती, हे त्यानेच हसत सांगितलं. मी म्हटलं, आई, मी एवढी गाडी घेतली ती कशासाठी? तिने पिशवी माझ्या हातात दिली, त्यात सुकट होती आणि माझ्यासाठी बांगड्या.

"यायच्या आधी फोन करत जा," ती म्हणाली. "मी काय घरीच बसून नसते."