चाखल्याशिवाय ट्रॉली सुटत नसे

हमीदभाईंची आणि माझी पहिली भेट दुर्गंधीत झाली. राहुरीजवळच्या आमच्या टोमॅटो सॉसच्या कारखान्यात मी शिफ्ट अधिकारी म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी नाकाला रुमाल लावून मागच्या आवारात गेलो. साली-बियांच्या ढिगाशेजारी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी चिमूटभर साल उचलून जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थुंकले आणि ट्रॉलीवाल्याला म्हणाले, "ने आता." मला शिसारी आली. ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे.

"साहेब, जनावराच्या तोंडात जायचं ते आदी माज्या तोंडात," ते म्हणाले. "त्याला बोलता येत न्हाई ना."

हमीदभाई आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला "चार गोड शब्द लिहा" असे सांगितले. गोड शब्द इतरांनी लिहिले असतीलच. माझ्यापाशी जे आहे ते गोड नाही, पण ते याच ग्रंथात यायला हवे.

ते येण्याआधी आमचा सगळा कचरा मागच्या खड्ड्यात जाई आणि वारा फिरला की अख्खे गाव नाक धरी. हमीदभाईंनी तो निवडायला घेतला. साली गाईंना, बिया वाळवून कोंबड्यांच्या खाद्याला, सडका माल खतात. आम्ही अधिकारी त्यांना 'उकिरड्याचे मुकादम' म्हणत असू. तेही हसून घेत. एकदा मात्र त्यांनी घमेले भरून थेट मॅनेजरांच्या टेबलावर ठेवले. "ह्यातला निम्मा माल चांगला हाय. कुनी टाकला ते बघा." मॅनेजर संतापले, पण दुसऱ्याच दिवशी यंत्राचे बोथट पाते बदलले गेले.

माणूस म्हणून ते कसे, याचा अनुभव मी घरात घेतला. माझी पत्नी बाळंतपणासाठी श्रीरामपूरच्या दवाखान्यात होती, तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरून डबा आला. मी संकोचलो तर म्हणाले, "वहिनींसाठी हाय, तुमी उगं लाजू नका." अशा माणसाशी मी कसा वागलो ते आता सांगतो.

काही टोमॅटो साल सुटावी म्हणून कॉस्टिक सोड्याच्या दाहक पाण्यातून काढले जात. ती साल जनावरांना घातक. ती वेगळी ठेवून पुरायची असा शिरस्ता होता. ऐन हंगामात रमजान आला. रोजा असताना जिभेला काही लावायचे नाही, हा हमीदभाईंचा नेम. सोनई गावच्या गाईंसाठी साल नेणारी ट्रॉली भरून उभी होती. ते मला म्हणाले, "साहेब, आजच्या दिवस तुमी चाखा. साबनावानी लागलं तर थांबवा." मी त्यांच्याकडे पाठ केली, दोन क्षण उभा राहिलो आणि वळून म्हणालो, "बघितलं. ठीक आहे." कचरा तोंडात घालायची मला किळस आली. एवढेच कारण होते. त्यांनी पावतीवर सही केली.

त्या ढिगात कॉस्टिकची साल मिसळली होती. सोनईच्या साळूबाईंच्या दोन दुभत्या गाई तोंड भाजून, तडफडून मेल्या. चौकशी बसली. हमीदभाई सरळ म्हणाले, "माजा रोजा हुता. मी चाखलं न्हाई. चूक माजी." मी त्याच खोलीत बसलो होतो. माझे तोंड उघडले नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलेल्या त्या माणसाला फाटकावर बसवले गेले. आवार बंद झाले, कचरा पुन्हा खड्ड्यात जाऊ लागला, आजही जातो. मला बढती मिळाली. हमीदभाईंनी आपल्या घरची कालवड नेऊन साळूबाईंच्या दावणीला बांधली. तरीही सोनईत त्यांची ओळख 'गाई मारणारा' अशीच उरली. पुढे त्या गावात त्यांनी पाऊल टाकले नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळे कबूल केले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, त्यामुळे त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"ठावं हाय मला. तुमी थुकला न्हाई, नळाकडं गेला न्हाई. तवाच समजलं."

"मग ट्रॉली का सोडलीत?"

"तवा म्हंजी गाई मेल्यावर समदं आठवलं, साहेब. ट्रॉली जाताना मी तुमच्या शब्दावर हुतो."

"चौकशीत माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमची पोरगी लहान हुती. आन् माजं काम मी दुसऱ्याच्या जिभंवर टाकलं, ते खरंच की."

मी रडलो. त्यांनी चहा मागवला.

या ग्रंथाची पहिली प्रत मी सोनईला नेणार आहे. साळूबाईंना वाचता येत नाही, म्हणून हा लेख त्यांच्या ओट्यावर बसून, आजूबाजूच्यांना बोलावून मीच वाचून दाखवीन. पुढे त्या काय बोलतील ते ऐकून घेईन. हमीदभाईंना उत्तम आरोग्य लाभो, त्यांची नजर परत येवो. गावाच्या तोंडी बसलेले नाव पुसायला वेळ लागतो. तेवढे आयुष्य तरी त्यांना मिळो, आणि सोनईच्या रस्त्याने ते एकदा मान वर करून चालत जावोत.