डेकवर वाळत घातलेले कोट

मी मुळात भित्रा माणूस. आरशात पोलिसांची गाडी दिसली की काही केलेलं नसताना माझा पाय ब्रेकवर जातो. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढल्यावर तर पोस्टात सरकारी पाकीट आलं तरी मी ते दोन दिवस उघडत नाही. अशा माणसानं दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांचे गणवेश जमवावेत, हे माझ्या बायकोला कधीच पटलं नाही. "स्टॅम्प कलेक्ट कर ना यार," ती म्हणायची. "कोणाला दाखवता तरी येतील."

माझे वडील पुण्याला कॅम्पातल्या एका दुकानात लष्करी गणवेश बेतायचे. काज हातानं केलंय की मशीनवर, हे त्यांनी मला डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायला शिकवलं होतं. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आल्यावर जुन्या वस्तूंच्या एका बाजारात मी पहिला जर्मन कोट हातात घेतला आणि कॉलरची शिवण बघून तिथंच खिळलो. पाहता पाहता कोट तीन झाले. बेसमेंटमध्ये दिवा मालवून मी त्यांच्यावर जांभळ्या उजेडाचा टॉर्च फिरवायचो. नकली मालातला नवा दोरा त्या उजेडात चमकतो, खरा जुना दोरा चमकत नाही. आतल्या खिशात शिंप्याचं लेबल असतं आणि त्यावर शाईनं अधिकाऱ्याचं नाव. मला फक्त शिवणीत रस आहे, असं मी बायकोला सांगायचो. ते बरंचसं खरं होतं.

कोटांचं कपाट मी बंद ठेवायचो ते शेजारच्या बाईंमुळे. त्या पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या ज्यू, त्यांची आई लहान असताना हिटलरच्या जर्मनीतून निसटली होती. दिवाणखान्यात त्या कुटुंबाचा एक फोटो आहे, त्यातली तेवढी एक मुलगी वाचली. आणि याच बाई चार वर्षं रोज दुपारी तीन वाजता माझ्या मुलीला स्कूलबसवरून घरी न्यायच्या. आम्ही ऑफिसातून येईपर्यंत ती त्यांच्याकडे असायची. विणायला तिथंच शिकली, पोहायची भीती तिथंच सांगितली. माझ्या मुलीला इथं आजी म्हणावी अशी तीच एक बाई. कपाटात काय आहे हे त्यांना कळलं तर ते दार बंद होईल, या भीतीनं मी चार वर्षं काढली.

मे महिन्यात माझी आई पुण्याहून आली. दुसऱ्या शनिवारी मी ग्रोसरी घेऊन परतलो, तर मागच्या डेकच्या कठड्यावर तिन्ही कोट उन्हात पसरलेले. छातीवरचा गरुड आणि त्याच्या पंजातलं ते तिरकं स्वस्तिक, दोन्ही सरळ बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"आई, हे काय केलंस?"

"थंडी संपली की लोकरीच्या कपड्यांना ऊन दाखवतात, विसरलास?" आई प्रत्येक खिशात लवंगा भरत होती. "बेसमेंटमध्ये कुबट वास मारत होते नुसते."

"हे कोणाचे आहेत माहितीय का तुला?"

"जर्मनांचे. चित्रं पाहिलीत मी. म्हणून काय कसर लागू द्यायची?"

मी पहिला कोट ओढला तोवर बाई गवतावरून चालत आलेल्या होत्या. मुलगी त्यांच्या हाताला धरून होती. मी सांगायला लागलो, वडील शिंपी होते, मी फक्त शिवण बघतो, हे इतिहासाचं आहे. माझं इंग्रजी मलाच ऐकवेना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी बोटाच्या टोकानं एका बाहीला हात लावला आणि लगेच काढला.

"शिवणीसाठी," त्या म्हणाल्या.

"फक्त शिवणीसाठी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, निभावलं. एवढ्यात आई मधला कोट उचलून माझ्याकडे आली. "याची कॉलर मात्र पुसून घ्यायला हवी. तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास येतोय."

बाईंनी विचारलं, आई काय म्हणतात? मी तोंड उघडलं. काहीतरी सुचलं असतंही. पण माझ्या मुलीला आजीचं बोलणं इंग्रजीत करून सांगायची सवय होती, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

"आजी सेज इट स्मेल्स लाइक बाबाज हेअर ऑइल."

मी तो कोट घालायचो. एकदा नाही, बऱ्याचदा. दार लावून, सगळी बटणं लावून, आरशासमोर. त्यात माझे खांदे सरळ व्हायचे. तेवढा वेळ मला कोणाची भीती वाटायची नाही, आणि तेच मला आवडायचं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी कोटाकडे, मग माझ्या खांद्यांकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुला बरोबर बसतो?"

खोटं बोलायचं धैर्यही माझ्यात नव्हतं. "हो," मी म्हणालो. त्या परत गेल्या.

सोमवारी मी घरूनच काम केलं. पावणेतीनपासून खिडकीत उभा होतो, शर्ट पाठीला चिकटला होता. बाई येणार नाहीत याची मला खात्री होती. बस आली. बाई नेहमीच्या जागी उभ्या होत्या. त्यांनी मुलीची बॅग घेतली, तिचा हात धरला.

साडेपाचला मी तिला आणायला गेलो. एरवी त्या मला कॉफीला आत बोलवायच्या. त्या दिवशी मुलीची बॅग आधीच बाहेर पायरीवर ठेवलेली होती.

कोट मी पुढच्याच आठवड्यात एका म्युझियमला देऊन टाकले. बाईंना ते सांगितलंही. बरं केलंस, त्या म्हणाल्या. त्याला आता दोन वर्षं झाली. मुलगी अजून रोज आत जाते, आणि मी रोज साडेपाचला पायरीवर उभा असतो.