ओळंबेकाकांचा हरवलेला चर

ओळंबे हे काकांचं आडनाव नव्हे. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन टांगून सोडतो, तो ओळंबा. तरुणपणी गावाबाहेरच्या टेकाडावर जुन्या वस्तीचं उत्खनन झालं, तेव्हा काकांनी खणलेल्या चराची कड इतकी सरळ उतरली की साहेबांनी म्हणे ओळंबा लावून पाहिला आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. ही हकीकत काकाच सांगत, आणि दर वर्षी ती थाप जरा जास्त जोरात बसे. चराला कोणी खड्डा म्हटलं की काका उसळत. "खड्डा पडतो. चर खणावा लागतो!"

यंदा त्याच टेकाडावर पुन्हा उत्खनन सुरू झालं, आणि नव्या मॅडमना सगळ्यात आधी काकांचा तो चरच हवा होता. त्याची कड सापडली की नवे चौकोन तिथूनच आखता येणार होते, म्हणजे तेव्हाचं काम आणि आताचं काम एकमेकांना जोडलं जाणार होतं. पण चर कधीच बुजवला गेला होता, वर गवत माजलं होतं, आणि खुणेच्या खुंट्या कोणाच्या चुलीत गेल्या देव जाणे.

"काका, जागा आठवेल?"

"डोळे मिटून दाखवतो."

बहुधा डोळे मिटूनच दाखवली. रोज सकाळी गवत काढायचं, दोरी ताणायची, वरची माती अलगद खरवडायची आणि रंग बघायचा. बुजवलेली माती भुसभुशीत आणि सरमिसळ रंगाची, न खणलेली पिवळट आणि घट्ट. दोन्ही जिथे भेटतील ती कड. पण जिथे खरवडावं तिथे पिवळट. काका म्हणत, "इथे झाड होतं हो, झाडाच्या अलीकडे!" झाडाचा आता बुंधाही उरला नव्हता.

मॅडमनी शेवटी हळूच सांगितलं, "उद्याचा दिवस बघू, काका. नाही मिळाला तर नव्यानेच सुरुवात करू. तुम्ही सावलीत बसून माती चाळा."

पट्टीच्या गवयाला टाळ्या वाजवायला बसवावं, तसं काकांना झालं.

घरी ते जेवताना गप्प होते. काका गप्प म्हणजे ताप तरी असणार, म्हणून काकूंनी कपाळाला हात लावला. मग सगळं बाहेर आलं.

"एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "झाड तुटेल, विहीर कुठे पळणार? विहिरीच्या कठड्याला लागून आमची चूल होती." उत्खननावर चहा करायचं काम काकूंच्या वडिलांकडे होतं आणि केटली काकूंकडे. लग्न नंतरचं.

"चूल नाही, चर शोधायचाय."

"मी हाक मारली की बाकीचे दुसऱ्या हाकेला यायचे. तुम्ही मात्र मी पहिली हाक मारायच्या आधीच माझ्याकडे बघत असायचात. कुठून बघत होतात, तेवढं आठवा."

दुसऱ्या दिवशी काकू केटली घेऊन विहिरीपाशी उभ्या राहिल्या आणि पदर खोचून ओरडल्या, "चहाऽऽ!" टेकाडावरचे सगळे मजूर खोरी टाकून धावत सुटले. मॅडमसुद्धा चार पावलं गेल्या. एकटे काका उतारावर मागे मागे सरकत होते.

"केटली वर धर! अजून वर!"

"हात भरून आला माझा! तरुण होते तेव्हा!"

"आता डोकं आणि केटलीच दिसतेय. बाकीची तू टेकाडाआड गेलीस. तेव्हाही एवढंच दिसायचं. हीच जागा!"

तिथे खरवडलं, आणि तासाभरात मातीत रेघ उमटली. एका बाजूला भुसभुशीत, दुसऱ्या बाजूला पिवळट. काका ओरडले, "बघा कशी सरळ आहे!"

मॅडमनी रेघेवर दोरी ताणली. रेघ सरळ गेली, गेली, आणि कोपऱ्यापाशी चांगली वीतभर बाहेर सुटली. साहेबांची ती थाप इतकी वर्षं दणदणत होती, ती एकदम पोकळ झाली.

काकूंनी दोरी पाहिली, रेघ पाहिली, मग ती ज्या दिशेला सुटली होती तिकडे मान वळवली. तिकडे विहीर होती.

"हातात कुदळ आणि लक्ष केटलीवर," त्या म्हणाल्या. "दुसरं काय होणार?"

काका कानापर्यंत लाल झाले. एक मजूर चूक झाकायला खुरपं घेऊन पुढे सरसावला. "काका, एवढं तासून सरळ करू का?"

"खबरदार हात लावशील तर!" काका कोपऱ्यासमोर आडवे झाले. "मॅडम, नकाशात ही कड आहे तशीच काढा. वाकडी."

मग हळूच म्हणाले, "अगं, चहा उरलाय का?"