आत्याचं रविवारचं टेबल

“सोड्याची पुडी दुकानातूनच चुकीची आली, एवढंच तर म्हणालो,” आत्याच्या भावाचा आवाज चढला. “कुणाचा खून केला का मी?”

“पण दुकानवाल्या काकूंनी तुझं काय घोडं मारलं होतं?” आत्याने विचारलं.

“मुंगीचे बाबा दारात तापून उभे होते. काहीतरी सांगायला हवं होतं, ताई.”

“काहीतरी कशाला? खरं सांगायचं.”

“खरं काय ते मलाही कळू दे,” भावजय ओले हात पुसत बाहेर आली. “मी शनिवारी फडताळ पुसलं आणि बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, हेच ना? सरळ म्हणा ना ताई, घर स्वच्छ ठेवलं हा माझा गुन्हा.”

समोरच्या घरातली सहा वर्षांची मुंगी दोन दिवस नुसत्या गार दुधावर होती. रविवारी याच टेबलाशी तिने सगळ्यांच्या आधी चमचा चाटला. चमच्याला खायचा सोडा असायला हवा होता, धुण्याचा होता. जीभ आणि ओठ सोलवटून निघाले. चार दिवसांत बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. साखर दिसली की आधी बोट घालते, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं.

आत्या खरं तर या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीची आत्या. पण आता सगळी गल्लीच तिला आत्या म्हणत असे. तिने शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम केलं. मास्तर शिकवायचे, ती परीक्षानळ्या धुवायची, द्रावणं तयार करायची, बाटल्यांवर निळ्या शाईने नावं लिहायची. मुलं चार हातांवरून मान उंच करून बघायची. “हात लावू नका” हे वाक्य तिने त्या खोलीत इतक्या वेळा ऐकलं होतं, की निवृत्तीनंतरही ते तिच्या कानातून जाईना.

मग भाची पाय मोडून महिनाभर प्लास्टरमध्ये पडली. तिची किरकिर थांबावी म्हणून आत्याने भिजवलेले वाटाणे आणि दात कोरायच्या काड्या पुढ्यात ठेवल्या. वाटाण्यात काडी टोचायची, काडीला पुन्हा वाटाणा. चौकोनी घर लगेच कलंडलं. आडवी एक काडी घालून त्रिकोण केले, तेव्हा ते उभं राहिलं. सकाळपर्यंत वाटाणे सुकले आणि त्यांनी काड्या अशा धरल्या, की घरावर पाटी ठेवली तरी हलेना. प्लास्टर निघालं, पण तिला भेटायला येऊन या खेळात रमलेली गल्लीतली मुलं यायची थांबली नाहीत. दर रविवारी सात-आठ जणं. व्हिनेगरमध्ये अंडं ठेवून त्याचं कवच विरघळवायचं, सोड्याने फुगा फुगवायचा, कागदाच्या घड्यांचा पूल करून त्यावर बटाटे रचायचे. पूल पडला की आत्या म्हणायची, “पडू दे. का पडला ते सांग.”

आणि एक नियम होता. या टेबलावर जे आहे, ते सगळं चाखता येतं. प्रयोगशाळेत जे कधीच चालत नसे, ते इथे चालायचं. मुलं मिसळत आणि चाखतही.

तो नियम तिनेच मोडला. जांभळ्या कोबीच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं, खायच्या सोड्याने निळं. मुलांना हिरवाही दाखवावा, म्हणून तिने धुण्याचा सोडा आणला आणि खायच्या सोड्यासारख्याच बरणीत भरला. शेवटी तो आपल्याच हाताने दाखवायचा, असं ठरवलं होतं. चिठ्ठीही लावली.

“तुझ्यासाठीच बोललो गं,” भाऊ आता खालच्या आवाजात म्हणाला. “खरं सांगितलंस तर एक मूल पाठवणार नाहीत. जन्मभर दुसऱ्यांची भांडी धुतलीस. आता कुठे तुझं म्हणून काही झालंय.”

“आणि काकूंचं दुकान? मुंगीच्या बाबांनी पाच माणसांत त्यांना वाट्टेल ते ऐकवलं. कालपासून जो येतो तो पुडी उलटसुलट करून बघतो. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत.”

“बोलल्या नाहीत म्हणजे विसरतील.”

“आत्या,” कोपऱ्यातून भाची म्हणाली, “मुंगीने चमचा चाटला, त्याआधीच तिच्या पेल्यात हिरवं झालं होतं. मी सांगितलं होतं तुला. तू म्हणालीस, निळंच आहे, नीट ढवळ.”

भावजय आत गेली आणि फडताळातून एक बरणी घेऊन आली. तिने ती आत्याच्या हातात दिली.

“वाचा बघू ताई, काय लिहिलंय.”

आत्याने बरणी खिडकीकडे धरली. मग जवळ आणली. अंगठा चिठ्ठीवरून फिरला. अक्षर तिचंच होतं. तिने झाकण उघडून वास घेतला.

“मीठ असेल.”

“पिठीसाखर आहे,” भावजय म्हणाली. तिच्या आवाजातली धार गेली होती. “किती दिवस झाले?”

“वर्ष होईल. डावीकडून दुसरी खायचा सोडा, हे हाताला पाठ होतं. वाचायची वेळच येत नसे.”

“मग बोलला का नाहीत? मी हात लावला नसता फडताळाला.”

“बोलले असते तर तुम्ही टेबल बंद केलं असतं.”

भाऊ खुर्चीत बसला. “मोतीबिंदू असेल,” तो म्हणाला. “साधी गोष्ट आहे. ऑपरेशन करू. पण त्यासाठी गल्लीभर दवंडी कशाला? पोर बरी होतेय. चार दिवसांत सगळे विसरतील, पुढच्या महिन्यात तुझं सुरू.”

आत्या उठली. दाराशी जाऊन तिने पायानेच चपला चाचपल्या.

“मी समोर जाते,” ती म्हणाली. “मुंगीच्या बाबांना सांगते, मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. मग त्यांना घेऊन दुकानात जाते, पाच माणसं असतील तेव्हाच. रविवार बंद. पुन्हा सुरू करायचा की नाही, ते मुलांचे आईवडील ठरवतील, आपण नाही.”