धावून थांबल्यावर

फाल्गुन सरता सरता आमच्या शेणवे गावच्या शेतांवर राब भाजले जायचे. पाला, शेण, गवत पसरून भाताच्या रोपांसाठी पेटवलेली ती जमीन, आणि तिच्यावरून संध्याकाळी वर न जाता आडवा पसरणारा निळसर धूर… त्या दिवसांत माझी आत्या ओट्यावर नाकाला पदर लावून बसायची. खांदे वर उचललेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, प्रत्येक श्वास जणू खोल विहिरीतून ओढून काढावा तसा. आणि मी? मी त्याच धुरातून बांधावरून अनवाणी धावत सुटायची. मला काही म्हणजे काही व्हायचं नाही.

मला व्हायचं ते पौषातल्या स्वच्छ सकाळी. शाळेच्या मैदानावर दवाने भिजलेली माती, बोचरी कोरडी थंडी, आणि पायांत न मावणारी ओढ. शाळेत माझ्याइतकं जोरात कुणी धावत नसे. एका जागी बसणं मला शिक्षेसारखं वाटे. धावताना सारं ठीक असायचं. थांबले की मात्र छातीत कुणीतरी दोरी आवळायला घ्यायचं. खोकल्याची उबळ, घशात शीळ, डोळ्यांत पाणी… आणि वर्ग भरेपर्यंत सगळं निवळलेलं! मग कोण विश्वास ठेवणार? गुरुजी म्हणत, “दम कमी पडतो तुझा. वाढव.”

आईने मात्र ती शीळ ओळखली आणि तिचा चेहरा उतरला. आत्याला दमा आहे म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं, ते कायमचंच. “कुनासमोर खोकू नको गो,” आई दबक्या आवाजात सांगायची. मुरबाडला शर्यती होत्या, माझं नाव गेलं होतं. बाबांनी एका वाक्यात विषय संपवला. “धावनं बंद. घरात एक दमेकरी पुरे.”

आत्या ते ऐकत होती. बाजाराच्या दिवशी मला एसटीत बसवून तिने थेट शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं.

“डॉक्टर, मला बसल्या जागी येतं. धुरानं येतं, भाताच्या तुसानं येतं, काय नसलं तरी येतं,” ती धापा टाकत म्हणाली. “ही धावली तरच. माझाच रोग हिला लागला का?”

डॉक्टरांनी मला एका नळीत फुंकायला लावलं, काटा कुठवर सरकतो ते पाहिलं, आणि मग दवाखान्यामागच्या गल्लीत चांगलं दमेपर्यंत पळवलं. थोड्या वेळाने पुन्हा फुंकलं, तेव्हा काटा पुष्कळ अलीकडेच अडला.

“लागला वगैरे काही नाही,” ते म्हणाले. “श्वासाच्या नळ्या दोघींच्याही आवळतात. फरक आहे तो कारणात. तुमच्या नळ्या आतून कायम सुजलेल्या असतात, म्हणून कशाचंही निमित्त पुरतं. हिच्या एरवी शांत आहेत. जोरात धावताना तोंडावाटे थंड, कोरडी हवा भराभर आत जाते, नळ्या आतून सुकतात आणि आवळतात.”

“मंग हिनं धावायचं नाय?”

“खुशाल धावू दे. धावण्याआधी श्वासाचा पंप ओढायचा, अंग हळूहळू तापवायचं, एकदम सुटायचं नाही. तुम्हाला मात्र औषधाचा पंप रोज. बरं वाटेल त्या दिवशीसुद्धा.”

येताना एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत सारखी पुटपुटत होती, “खुशाल धावू दे म्हनला…” घरी तिने बाबांना एवढंच सांगितलं, “दादा, हिला माझ्यासारखी बसवू नको.” बाबांनी होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही.

शर्यतीच्या दिवशी मुरबाडच्या मैदानावर आत्या आली होती. मी दुसरी आले. खोकला आला नाही… थांबल्यावरही नाही! कंबरेवर हात ठेवून, तोंड मिटून मी नुसती हवा आत घेत राहिले. ती गोड लागत होती. आत्या दोरीपलीकडे हसता हसता धापा टाकत होती.

माझ्या पंपाची आठवण ती रोज करून द्यायची, स्वतःचा मात्र जीव घाबरा झाल्यावरच शोधायची. “आज बरं हाय गो बाय, कशाला उगी?” मी चिडायची, पंप हातात कोंबायची, ती तो पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. मी शिकायला ठाण्यात असताना, भातझोडणीच्या दिवसांत, खळ्यावरच ती गेली. दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्यानंतर आईने तिचं अंथरूण उन्हात टाकलं. आडवं होऊन तिला झोपता येत नसे, म्हणून घरातल्या साऱ्यांनी आपापल्या उशा तिच्या पाठीशी रचून दिल्या होत्या. आईने त्या एकेक करून झटकल्या आणि ज्याच्या त्याला परत दिल्या. माझी माझ्या हातात आली. मधोमध दबलेली, उन्हाने गरम.

आज मी टोकावड्याला असते, अजूनही धावते. उशी मात्र तेव्हापासून घेत नाही. सपाट झोपते… झोपता येतं म्हणून.