ज्याला त्याला साइट सांगणारे अनंतराव

औरंगाबादच्या पुंडलिकनगरात अनंतरावांकडे कुणी नुसता पत्ता विचारायला आलं, तरी जाताना दोन वेबसाइट घेऊनच बाहेर पडायचं. सरकारी कचेरीत जन्मभर आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले आणि पुण्याच्या मुलाने, मंदारने, आपला जुना कॉम्प्युटर आणून त्यांना जोडून दिला. बाकीचे निवृत्त लोक सकाळी फिरायला जातात, गुडघ्यांना तेल लावतात. अनंतरावांनी हॉलच्या कोपऱ्यात दवाखानाच उघडला. आलेल्याला समोर बसवायचं, चेहरा न्याहाळायचा, "काय आवडतं तुम्हाला?" असं विचारायचं आणि त्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत साइट सांगून मोकळं व्हायचं. फी नव्हती, पण सुटकाही नव्हती.

माणूस गुणी, हे मात्र मानायला हवं. दूधवाल्या कडुबाला त्यांनी कुस्त्यांची साइट दाखवली. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या हिमानीला स्पर्धा परीक्षांचे जुने पेपर मिळवून दिले. शेजारच्या आप्पासाहेबांची बीड बायपासकडची जमीन प्लॉटिंगमध्ये गेली होती. तीन मजली घर उभं राहिलं होतं, हाताला काम उरलं नव्हतं. त्यांना शेळ्यांच्या जातींची साइट मिळाली. आप्पासाहेब रोज येऊन तासभर शेळ्या बघायचे, एकेकीचे कान, आचळं यांवर मत द्यायचे आणि समाधानाने घरी जायचे. शेळी त्यांनी एकही घेतली नाही.

पण अनंतरावांचं सगळ्यात मोठं यश म्हणजे आप्पासाहेबांच्या आई, दगडाबाई. अमेरिकेतल्या कुठल्याशा झाडावर गरुडाचं घरटं होतं आणि कुणीतरी त्यावर कॅमेरा लावून ठेवला होता. चोवीस तास घरटं दिसायचं. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे उजाडतं, हे दगडाबाईंनी पहिल्याच दिवशी पक्कं करून घेतलं. दिवेलागणीला त्या पदर सावरत यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "काय वो अनंतराव, लेकराला खायला घातलं का न्हाई तिनं?" पिल्लू दिसलं नाही की त्यांना रात्री जेवण जायचं नाही.

त्या उन्हाळ्यात जायकवाडी तळाला गेलं होतं. अनंतराव सकाळी धरणाची टक्केवारी साइटवर बघायचे आणि गॅलरीतून जाहीर करायचे. आकडा उतरला की गल्लीतले लोक त्यांच्याकडेच रागाने बघायचे, जसं काही पाणी यांनीच सांडलं. नळ चार-पाच दिवसांच्या आड यायचा, तोही त्याच्या मर्जीने. म्हणून अनंतरावांनी घरात कायदा केला होता, पाण्याच्या दिवशी घर सोडायचं नाही. आता गंमत अशी, की त्यांच्या बायकोला, शैलाताईंना, कुठेही जायचं असलं की पाण्याचा दिवस नेमका तेव्हाच यायचा. भाचीचं लग्न नाशिकला होतं, ते गेलं. मंदारच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत गेली. "फोटो येतीलच की कॉम्प्युटरवर," अनंतराव म्हणाले, आणि फोटो खरंच आले. मोठे करूनसुद्धा बघता आले.

एका संध्याकाळी गरुडाचं पिल्लू पंख झाडत होतं आणि दगडाबाई खुशीत होत्या. खुशीत माणसं नको ते विचारतात.

"अनंतराव, साऱ्या गल्लीला लई काय काय दावलं तुमी. शैलाबाईला कोन्तं दावलं?"

अनंतरावांनी तोंड उघडलं. एरवी त्यांच्या तोंडातून साइट बाहेर पडायला वेळ लागत नसे. आज काहीच पडलं नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाजही थांबला होता.

"तिला... तिला कुठे वेळ असतो," ते म्हणाले.

"आवड असती का न्हाई पर तिची? काय आवडतं तिला?"

दगडाबाई उठून गेल्या तरी प्रश्न हॉलमध्येच बसून राहिला. कडुबाची आवड ठाऊक होती, शेळ्यांतली आप्पासाहेबांची लाडकी कोणती तेही ठाऊक होतं. जिच्या हातचं जेवण चौतीस वर्षं जेवलो, तिला काय आवडतं? अनंतराव घाबरले. दगडाबाईंपुढे फजिती झाली याची लाज होतीच, पण त्याहून खोल कुठेतरी त्यांना खरोखर वाईट वाटलं.

विचारायचं सोडून त्यांनी अंदाजच बांधायला घेतला. सरळ विचारणं म्हणजे माहीत नसल्याची कबुली, आणि इतकी वर्षं कचेरीत काढलेला माणूस कबुली देत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शैलाताईंना रांगोळ्यांची साइट दाखवली.

"सुंदर आहेत," शैलाताई म्हणाल्या. "मला खाली बसता येत नाही, त्याला दोन दिवाळ्या झाल्या. दाराशी स्टिकर चिकटवलाय मी. पाहिलात ना?"

अनंतरावांनी पाहिला नव्हता. त्यांनी मग भजनांची साइट काढली. शैलाताईंनी एक भजन ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "इतकी म्हातारी दिसायला लागले का मी?" शेवटी अनंतरावांनी मंदारला फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्या आईला काय आवडतं रे?" मग मंदार म्हणाला, "बाबा, साधं वरण?" बाप तसा बेटा.

आठवडाभर अनंतराव अस्वस्थ होते. दवाखान्यात लक्ष लागेना. हिमानीला त्यांनी चुकून शेळ्यांची साइट सांगितली.

आणि मग एका दुपारी त्यांची झोप लवकर मोडली. हॉलमधून दगडाबाईंचा आवाज येत होता. "खिडकीपाशी मी बसनार बरं का! आधीच सांगून ठिवते."

अनंतराव उठून दारात आले. कॉम्प्युटरसमोर, त्यांच्या खुर्चीत, शैलाताई बसल्या होत्या. माउस हातात असा, की जसं लाटणं. पडद्यावर रेल्वेचं बुकिंग होतं. सचखंड एक्स्प्रेस, औरंगाबाद ते अमृतसर, प्रवासी दोन, दोन्ही बायका.

"ही साइट तुला कुणी सांगितली?" अनंतरावांच्या तोंडून पहिलं हेच निघालं. माणसाने किती धंदेवाईक असावं!

"कुणी कशाला सांगायला हवी? दीड वर्षं तुम्ही या खोलीत लोकांना शिकवताय. मी आत पोळ्या करताना ऐकतच होते," शैलाताई म्हणाल्या. "तुम्ही दुपारी झोपलात की मी फिरून येते. कुठली गाडी, कुठे बदलायची, उतरल्यावर काय बघायचं. गुवाहाटीपर्यंत जाऊन आलेय. चार वाजता परत, तुमच्या चहाला."

दगडाबाई मध्येच म्हणाल्या, "पंजाबात पाच नद्या हायेत म्हनं. वाहत्या! मला एक डाव वाहतं पानी बघायचंय बाबा. हितं धरनाची टक्केवारी आयकून आयकून माझा घसा सुकलाय."

अनंतराव हॉलमधल्या दिवाणाच्या कडेला बसले. मुकुंदवाडी स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला की शैला हातातलं काम थांबवते, हे त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. तिला आवाजाचा त्रास होतो, असं समजून ते दर वेळी खिडकी लावून घेत. आठवून त्यांना स्वतःची शरम वाटली.

"मला का नाही विचारलंस?"

शैलाताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं.

"विचारलं होतं की. दर वर्षी विचारलं. मला प्रत्येक वेळी तुम्हीच बरोबर हवे होतात. पण मी म्हणायचं, जाऊ या का, आणि तुम्ही म्हणायचं, अगं, त्याची एक छान साइट आहे."

दगडाबाईंसारखी बाईसुद्धा पदराचं टोक बघत बसली. अनंतरावांचा हात सवयीने माउसकडे निघाला होता, तो त्यांनी मागे घेतला. अमृतसरची एक फारच उत्तम साइट त्यांच्या जिभेवर आली होती, घरबसल्या सगळं दाखवणारी. ती त्यांनी गिळली. सोपं नव्हतं ते.

"मी आलो तर चालेल?" त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांत त्यांनी बायकोची परवानगी बहुधा पहिल्यांदाच विचारली असावी, एरवी ते सांगत असत.

"आन् पानी?" दगडाबाई म्हणाल्या.

"येईल तेव्हा येईल. आप्पासाहेबांना किल्ली देऊ."

"द्या की. त्याला तेवढंच काम. शेळ्या बघत बसतो नुसता."

शैलाताई पडद्याकडे वळल्या. डोळे पुसलेले कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी चष्मा सारखा केला आणि तिसरं नाव भरायला घेतलं. वय विचारलं, तेव्हा अनंतरावांनी एक वर्ष कमी सांगितलं. शैलाताईंनी बरोबर तेच भरलं जे खरं होतं.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "गाडीत कुणाला साइट सांगायची नाही. शेजारचा माणूस काय आवडतं ते आपणहून सांगायला लागला तरी नाही."

अनंतरावांनी ताबडतोब कबूल केलं. निदान मनमाडपर्यंत तरी हे जमेल, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.